वरच्या घराचं कुलूप

ऑपरेटरबाईंची उभी हयात टेलिफोनच्या घंटीला उत्तर देण्यात गेली होती. घंटी वाजली की पलीकडे माणूस असायचा. निवृत्त झाल्यावर मात्र दाराची घंटी वाजायची, हातातलं काम टाकून बाई दाराशी जायच्या, आणि दारात कुणी नसायचं. जिन्यावरून पळणाऱ्या पावलांचा धडधडाट तेवढा ऐकू यायचा. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

घंटी वाजवून पळणारी ती तिघं भावंडं बाईंच्या डोक्यावरच्याच घरात राहायची. थोरली अंगानं काडी आणि जिभेनं तिखट. तिच्या पाठचा भाऊ, ज्याला सगळी इमारत ‘मधला’ म्हणूनच ओळखायची. आणि पुढचा दात पडलेलं, नेहमी एका पायात मोजा नसलेलं शेंडेफळ. बाप परगावी नोकरीला. आई एका मोठ्या दुकानात बिलाच्या काउंटरवर बसायची, ती संध्याकाळीच घरी यायची. शाळा सुटायची दुपारी. मधले सगळे तास इमारतीच्या वाट्याला यायचे.

त्या तासांत पोरांनी नुसता उच्छाद मांडला होता. लिफ्टची झाडून सगळी बटणं दाबून पळायचं, मीटरच्या खोलीत शिरून कुणाचीही वीज घालवायची. एकदा त्यांनी गच्चीवरच्या टाकीचा कॉक बंद केला, तेव्हा तळमजल्यावरचा न्हावी अंगभर साबण लावून उभा होता. तसाच टॉवेल गुंडाळून तो बाईंच्या दारात आला, कारण इमारतीच्या कमिटीच्या अध्यक्ष बाई होत्या. “आता तुम्हीच बघा, बाई,” तो म्हणाला. बाईंनी भिंतीकडे बघितलं.

कमिटीनं ठरवलं की आता एक जरी तक्रार आली तरी घरमालकाला सांगून पोरांच्या आईला घर रिकामं करायला लावायचं. तिला तसं कळवलंही. आणि त्याच आठवड्यात पोरांनी बाईंच्या घंटीच्या बटणात काडी खुपसली. घंटी वाजायला लागली ती थांबेचना. बाईंनी स्टूल घेतलं, चष्मा घेतला, काडी उपसली, आणि पायात चपला सरकवून तडक त्या दुकानात गेल्या.

नुसतं भांडायला आत कसं जायचं, म्हणून त्यांनी एक साबण उचलला आणि तिच्या काउंटरच्या रांगेत उभ्या राहिल्या. रांग लांब होती. तेवढ्या वेळात राग निवायचा, तो आणखीच उकळला. नंबर आला तेव्हा बाईंनी साबण काउंटरवर ठेवला आणि आयुष्यभर कमावलेल्या खणखणीत आवाजात सुरुवात केली.

“तुझ्या पोरांनी आमच्या नाकी नऊ आणलेत. जन्माला घालायची आणि सोडून द्यायची जगाच्या डोक्यावर. सांभाळता येत नसतील तर घरात घालून बाहेरून कुलूप लाव.”

मागची माणसं पुढे सरकून ऐकू लागली. पलीकडून दुकानाच्या साहेबानं मान वर करून बघितलं. आईचा हात साबणावरच राहिला. तिचे कान लाल झाले होते.

“उद्यापासून त्रास होणार नाही, काकू,” ती म्हणाली, आणि साबणाचं बिल दिलं.

बाई भांडणाची एवढी तयारी करून आल्या होत्या, ती वायाच गेली. तरी परत येताना त्यांची मान ताठ होती.

आणि खरंच त्रास थांबला. दुसऱ्या दिवशी घंटी वाजली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. लिफ्ट शहाण्यासारखी वरखाली करू लागली. न्हावी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, “मानलं तुम्हाला, बाई. काय मंत्र घातलात?” बाई नुसत्या हसल्या. दुपारची झोप त्यांना आता लागत होती. आपण पोरांच्या आईला नक्की काय काय बोललो, हे त्यांना आठवतही नव्हतं. रागात बोललेलं कुणाला आठवतं?

चौथ्या दिवशी डोळा लागतो न लागतो तोच वर काहीतरी ठणकन पडलं आणि फरशीवर गरगरत गेलं. बाई उठल्या. ‘झालं सुरू,’ असं पुटपुटत त्या फणफणत जिना चढल्या.

वरच्या दाराला बाहेरून कडी होती. कडीला कुलूप होतं. नवं कोरं, चांगलं मुठीएवढं.

बाईंना वाटलं, पोरं कुठे नातेवाइकांकडे गेली असतील. मग आतून कुणीतरी कुणाला तरी “श्श” केलं.

“कोण आहे आत?”

हलकी पावलं दाराशी आली. मग दारातल्या, पत्रं टाकायच्या फटीतून थोरलीचा आवाज आला. तो तिखट आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

“आम्ही त्रास देत नाही आहोत, आजी. हिच्या हातून वाटी पडली. आता नाही पडणार.”

“मी कुठे म्हटलं त्रास देताय म्हणून?” बाई म्हणाल्या, पण म्हणायलाच तर आल्या होत्या.

“आम्ही सतरंजीवरच बसतो,” मधला म्हणाला. “म्हणजे खाली तुम्हाला पाय ऐकू येत नाहीत.”

बाई फटीशी वाकल्या. “आणि काही लागलं तर?”

“आई पाणी भरून ठेवते. गॅस बंद करून जाते.”

“आणि भीती वाटली तर?”

यावर आत जरा खुसपुस झाली. “वाटते,” शेंडेफळ म्हणालं. “पण मग ताई सांगते, आवाज केला तर घर सोडावं लागेल.”

आता बाईंना दुकान आठवलं, रांग आठवली, आणि स्वतःचा खणखणीत आवाज शब्दन्‌शब्द आठवला. त्यांना स्वतःची लाज वाटली, इतकी की दाराकडे बघवेना. आत उद्या काही पेटलं, कुणी पडलं, तर ही तीन पोरं या फटीतून किती ओरडणार आणि कोण ऐकणार? भर दुपारी वरच्या मजल्यांवर एकट्या बाईच तर असायच्या. खाली जाऊन आता झोप लागणार नव्हती. त्या तिथेच पायरीवर बसल्या.

संध्याकाळी आई आली. बाईंना दारात बसलेलं बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“आता काय केलं त्यांनी?”

“काही नाही केलं. कुलूप काढ आधी.”

“तुम्हीच सांगितलंत ना, काकू.” तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. “चार लोकांत सांगितलंत. मी रोज तिकडे बिलं करते आणि माझा जीव इथे या कडीला टांगलेला असतो. पण घर गेलं तर यांना घेऊन जाऊ कुठे?”

“चुकलं माझं,” बाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून फारसे कुणी ऐकले नव्हते. “घर जाणार नाही. कमिटीला मी बघते. दुपारी पोरांना माझ्याकडे पाठव.”

आईनं पिशवीतून किल्ली काढली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि बसावा तरी का? तिनं कुलूप काढून दार उघडलं.

तिघं आत सतरंजीवर बसली होती. आई दिसूनही कुणी धावत आलं नाही. आई म्हणाली, “या रे बाहेर.” तरी ती उठेनात. तिघंही आईच्या खांद्यावरून बाईंकडेच बघत होती.

“आजी,” थोरलीनं विचारलं, “आम्ही बाहेर आलो तर चालेल?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली आणि पदरानं डोळे पुसले. आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं हातातलं कुलूप पिशवीत टाकलं.

“उद्या दुपारी घरी आहात?” तिनं हळूच विचारलं.

“आहे.”

“आणि परवा?” शेंडेफळानं दारातूनच विचारलं.

“परवासुद्धा,” बाई म्हणाल्या. “मी कुठे जाते गं? मीही दिवसभर घरातच असते.”