परीक्षेचं गिऱ्हाईक

जुन्या गाड्या विकायच्या तर परवाना हवा, आणि परवाना हवा तर कार्यालयाच्या मागच्या आवारात परीक्षा द्यायला हवी. तिथे एक खटारा कायमचा उभा असे. कार्यालयातलं कुणीतरी गिऱ्हाईक बनायचं आणि परीक्षा देणाऱ्याने त्या गाडीत जे जे वाईट आहे ते त्याला तोंडाने सांगायचं. गोड बोलून गळ्यात मारणाऱ्यांची जीभ सरळ करायची ही युक्ती. गिऱ्हाईक बहुधा तिथली तक्रारी बघणारी बाईच व्हायची. तिच्याइतकं चिकट गिऱ्हाईक दिवा घेऊन शोधलं तरी मिळणार नाही, असं सगळे म्हणत.

त्या दिवशी परीक्षेला तिचा दादा उभा होता.

पाच वर्षांपूर्वी त्याने पुरात बुडालेली गाडी चकाचक पुसून एका शिक्षिकेला विकली. तक्रार नेमकी बहिणीच्या टेबलावर आली आणि तिने ती दाबली नाही. दादाचा परवाना गेला, दुकान गेलं, आणि त्याने बोलणं टाकलं. घरच्या कार्यात तो तिच्या शेजारून असा जायचा, जणू तिथे खांब आहे. आपलं चुकलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण तेवढ्याने काय होतंय? फोन वाजला की अजून तिला आधी त्याचंच नाव दिसेल असं वाटायचं.

नियम स्वच्छ होता. गिऱ्हाईक नात्यातलं निघालं तर परीक्षा बाद. परीक्षा घेणारे साहेब नवीन, दोघांची आडनावं वेगळी, सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तिने मिठाची गुळणी धरली. गिऱ्हाइकाशी तरी दादाला बोलावंच लागणार होतं.

"कशी आहे गाडी?" तिने विचारलं.

दादाने तिच्याकडे एकदा बघितलं. मग त्याने बॉनेट उघडलं.

"इंजिन तेल पितं, बाई. दारं नंतर रंगवलीत. खालून पत्रा सडलाय."

तिला तो 'बाई' म्हणाला होता. तरी आवाज त्याचाच होता, तोच घोगरा. तिने सीटचं विचारलं, काचांचं विचारलं, डिकीच्या कुलपाचं विचारलं. साहेब घड्याळ बघू लागले तशी तिने स्टेपनीही काढायला लावली.

"पुरे," साहेब म्हणाले. "मग, द्याल यांना ही गाडी?"

"हिला नाही देणार," दादा म्हणाला. "ब्रेक उशिरा लागतो, आणि ही दाबतेही उशिराच."

"तुम्हाला काय ठाऊक?"

"मीच शिकवलंय चालवायला. सख्खी बहीण आहे, साहेब. काही लपवायचं नाही म्हणालात ना?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "परीक्षा बाद! आता पुढच्या वर्षी या," असं म्हणून ते तणतणत आत गेले.

"मला वाटलं, तू साहेबांना आधीच सांगशील," दादा म्हणाला.

"सांगितलं असतं तर तू माझ्याशी बोलला असतास?" ती एक पाऊल पुढे आली. "दादा, मला तुझी फार आठवण येते रे."

त्याने बॉनेट आपटून बंद केलं आणि हात पुसले.

"वर्ष घालवलंस माझं, भिंगरी," तो म्हणाला आणि फाटकाकडे चालू लागला.

घरात त्या नावाने तिला फक्त तोच हाक मारायचा. आत्ता तो चिडून म्हणाला होता. ती खटाऱ्याला टेकून, दादा दिसेनासा होईपर्यंत तिथेच उभी राहिली.