नूडल्स कधी टाकायच्या

सत्तावीस वर्षं मी छोंगछिंगच्या मोटरसायकल कारखान्यात इंजिनं ऐकायचं काम केलं. झाकण न उघडता दोष सांगायचे. त्यामुळे लेकीने, वेईछिंगने, तिच्या गाड्यांच्या दुकानापुढे विजेवरच्या दोन मोटरसायकली उभ्या केल्या, एक पक्क्या रस्त्यावरची, एक मातीच्या वाटेवरची, तेव्हा मी सवयीने वाकून कान लावला. ती हसत सुटली. आत वाजायला काही नव्हतंच.

माझी जुनी पेट्रोलची गाडी आठवड्यापूर्वी कायमची बसली होती आणि तेव्हापासून मी लेकीकडेच होते. आता गाडी निवडायची म्हणजे घरच निवडायचं होतं. रस्त्यावरची घेतली तर लेकीकडे राहून दुकान सांभाळायचं, आणि डोंगरावर चहाच्या मळ्यात राहणाऱ्या नवऱ्याला, लाओ तानला, रविवारी बसने भेटायचं. मातीतली घेतली तर पूर्वीसारखं डोंगरावर राहून दुकानात रोज ये-जा.

लाओ तानला फोनवर विचारलं, तर म्हणाला, "खालीच राहा. मला काय फरक पडतो?" आमच्याकडे बायकोच्या धाकातल्या नवऱ्याला मऊ कानांचा म्हणतात. याचे कान तेवढे मऊ, जीभ दगडाची. मला ते फार लागलं होतं.

त्याची एकच गोष्ट मला आवडायची. माझी गाडी डोंगराशी आली की तो उकळत्या पाण्यात नूडल्स टाकायचा. मी दारात, वाडगा टेबलावर. कसं जमतं विचारलं तर म्हणायचा, स्वयंपाकघरात आवाज येतो.

आधी रस्त्यावरची चालवली. जड, बुटकी, जमिनीला चिकटून धावणारी. पुलावर मूठ पिळली तशी नदी मागे सरकली आणि मन जवळजवळ ठरलं. मग लाओ तानवरच्या रागाने मातीतली डोंगरावर घातली. ताकद तेवढीच, पण अंगाने हलकी. दगडांवरून शेळीसारखी चढत होती.

धुकं उतरलं होतं. त्या वाटेवर आजवर मी फक्त माझं इंजिन ऐकलं होतं. आता बांबूवरून थेंब पडताना ऐकू आले, कुठेतरी पाणी झुळझुळत होतं, एक पाखरू अगदी कानाशी बोललं. मी चालवत होते की कुणी मला झोपेत वर नेत होतं, कळेना. खूप सुख वाटलं.

तिसऱ्या वळणावर एक बांबूचं स्टूल होतं. त्यावर लाओ तान बसला होता, डोळे मिटून, कान उताराकडे करून. हातात नूडल्स ढवळायच्या लांब काड्या. स्टुलाभोवतीचं गवत झिजून माती उघडी पडली होती.

घर डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे. तिथे आवाज पोचणं शक्यच नाही. इंजिनातला बारीक दोष ओळखणाऱ्या बाईला हे इतकी वर्षं कळलं नाही. तो इथे ऐकायचा आणि मळ्यातल्या पायवाटेने धावत घर गाठायचा.

"गाडी बसलीय ना माझी," मी म्हटलं. "मग काय ऐकतोयस?"

तो दचकला. केसांवर धुक्याचे थेंब साचले होते. "आत्ताच आलो," म्हणाला. मग ओशाळून, "नूडल्स टाकल्या नाहीत. आवाजच आला नाही."

"ही वाजत नाही."

त्याने गाडीभोवती चक्कर मारली, चिखलाचे टायर चाचपले. मी तिथूनच वेईछिंगला फोन लावला आणि रस्त्यावरची गाडी विकून टाक म्हणून सांगितलं. तो ऐकत नसल्यासारखं दाखवत होता.

"हिला हॉर्न आहे?" त्याने विचारलं.

"आहे."

"मग पायथ्यापासूनच वाजवत जा. आता धावायला वेळ लागतो."