अँटेनाच्या तोंडाला चंदेरी रंग

मित्रांनो, मी एक अँटेना आहे. मोबाइलचा. गच्चीवर खांबाला एक उभा, चपटा डबा बांधलेला असतो ना, तोच मी. आता वय झालंय माझं, पण आवाज अजून खणखणीत आहे.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात धातूच्या पट्ट्या बसवल्या, वरून प्लॅस्टिकचं झाकण लावलं. मग एका खोलीत नेलं. तिच्या भिंतींना, छताला, सगळीकडे पडसाद उठू नये म्हणून स्पंजाचे टोकदार सुळके. तिथं मला एकट्याला बोलायला लावलं आणि कुठवर ऐकू जातं ते तपासलं. पास झालो. आयुष्यात तेवढी एकच परीक्षा दिली मी.

मग या वसाहतीत आलो. माझ्याआधी इथं फोन करणं म्हणजे कसरत. एक पाय घरात, एक बाल्कनीत, मान तिरकी, आणि "हॅलो, आता येतंय का? आता?" तळमजल्यावरच्या शिंपीदादांच्या दुकानात तर काहीच यायचं नाही. मी आलो आणि सगळ्यांच्या माना सरळ झाल्या. वसाहतीच्या सेक्रेटरींनी माझा खांब थोपटला आणि म्हणाले, "आला बाबा एकदाचा!"

कौतुक आठवडाभर टिकलं. मग कोण वर बघतंय? कावळे बसायचे. कुणी माझ्या खांबाला दोरी बांधून गोधडी वाळत घालायचं.

रोज न चुकता बघायचे ते फक्त समोरच्या इमारतीतले काका. रागाने. त्यांच्या खिडकीच्या अगदी नाकासमोर मला उभं केलं होतं, आणि त्यांना कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. खोटं कशाला बोलू, मलाही अवघडल्यासारखं व्हायचं.

मग नगरपालिकेचे नवे नियम आले. राहत्या वस्तीत अँटेना बसवायचा तर शेजाऱ्यांचं ऐकून घ्यायचं. खिडकीपासून लांब ठेवायचा. ज्या भिंतीजवळ आहे तिच्या रंगाशी जुळता ठेवायचा. जुन्यांनाही सूट नाही. नगरपालिकेच्या मॅडम जागेवर येऊन सुनावणी घेणार आणि ठरवणार, राहू द्यायचा की उतरवायचा.

माझं तर धाबं दणाणलं. पण माझ्यापेक्षा जास्त घाबरल्या शिंपीवहिनी. दादांच्या दोन्ही किडन्या निकामी झालेल्या. हॉस्पिटलच्या यादीत नाव होतं. तिथून सांगून ठेवलेलं, किडनी मिळाली की फोन येईल, लागला नाही तर पुढच्याला बोलवावं लागेल. म्हणून वहिनी फोन पदरात नाही तर हातात, पण अंगावेगळा करायच्या नाहीत.

सेक्रेटरींनी सगळ्या नियमांमधला एकच शब्द नीट ऐकला. रंग.

"रंग ना? आहे की आपल्याकडे!"

होताच. फाटक रंगवून उरलेला चंदेरी. सेक्रेटरींचा जीव त्या डब्यात. त्यातून त्यांनी जाळ्या रंगवल्या, पत्रपेट्या रंगवल्या, बाक रंगवला. लोक म्हणायचे, यांच्यासमोर फार वेळ उभं राहू नका, तुम्हालाही मारतील एक हात. ते शिडी लावून वर आले आणि माझं तोंड वरपासून खालपर्यंत रंगवलं. वर दुसरा हात.

मित्रांनो, त्या रंगात धातूची पूड असते. माझा आवाज तिला ओलांडून जात नाही. कुणी तोंड दाबून धरावं तसं झालं मला. मी ओरडत होतो आणि खाली सगळे फोन आपटत होते. कंपनीचा माणूस आला, खालचं मशीन बघितलं, "सगळं ओके आहे," म्हणाला आणि गेला. वर मान केलीच नाही.

वहिनी मग दिवसभर कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर बसायला लागल्या. तिथं दुसऱ्या अँटेनाचा आवाज यायचा. शर्टाची बटणं लावायला घेऊन जायच्या. बस थांबायची, ड्रायव्हर विचारायचा, "येताय?" या मानेनंच नाही म्हणायच्या.

सुनावणीच्या दिवशी मात्र त्या थांबा सोडून गच्चीवर आल्या. माझ्यासाठी.

"मॅडम, हा काढू नका," एवढंच बोलल्या आणि हातातला फोन पुढे धरला.

"अगं पोरी, पण हा चालतोय कुठे?" काका म्हणाले. "बघा सगळ्यांनी आपापले फोन. मेलेला आहे तो! आणि सेक्रेटरी, वर्गणी काढताना माझं घर बरं सापडतं तुम्हाला? हे उभं करताना नाही सापडलं? आमची ही गेल्यापासून त्या खिडकीत बसतो मी. पडदा सरकवला की समोर हा ठोंब्या. वर आता चमकतोय!"

सेक्रेटरी खाली बघायला लागले. "चुकलंच काका."

मॅडम माझ्याजवळ आल्या. डोळ्यांवर हात धरला.

"भिंत पिवळी, हा चंदेरी. ही भिंत आहे का फाटक?"

"मॅडम, रंग चांगला आहे हो. वाया कशाला..."

"आधी हा रंग उतरवा. मग पुढचं बोलू."

सेक्रेटरींनी तोंड पाडून थिनर आणला आणि चिंधीने मला घासायला लागले. एक पट्टा मोकळा झाला. मग दुसरा. मी अख्खा श्वास घेतला आणि बोललो.

गच्चीभर टिंगटिंगाट. सगळ्यांचे फोन एकदम. आणि त्यात एक वाजतच राहिला.

"हो, मीच बोलते... काय? मघापासून लावताय?" वहिनींनी दुसऱ्या कानावर हात दाबला. "दुसऱ्यांना दिली? नाही ना? नाही ना दिली? आलो! आत्ता आलो!"

त्या जिन्याकडे पळाल्या. काका सगळ्यांच्या पुढे. "बाजूला व्हा! माझी गाडी खालीच आहे!" मॅडमचा कागद वाऱ्यावर उडाला, तो पकडायलाही कुणी थांबलं नाही.

निकाल नंतर लागला. मला उतरवलं, पण फेकलं नाही. जिन्याच्या खोलीपलीकडे, नियमात बसेल इतक्या लांब बसवलं. पिवळा रंग दिला, धातू नसलेला. आता काकांना खिडकीतून झाडं दिसतात आणि मला कुणाच्या डोळ्यात खुपावं लागत नाही. इतकं हलकं मला कधीच वाटलं नव्हतं.

माझं एक ऐकाल? मला बसवण्याआधी शेजाऱ्याचं दार वाजवा. आणि बसवल्यावर अधूनमधून वर बघत जा.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी काकांना फोन लावला. तो माझ्यातूनच गेला. किडनी चालली की नाही, ते एकाच गोष्टीवरून कळणार होतं.

"काका!" वहिनी हसत होत्या की रडत होत्या, मलाही कळेना. "ह्यांना लघवी झाली! दोन वर्षांनी! भरपूर झाली!"

काकांनी खिडकीत येऊन तेच अख्ख्या वसाहतीला ओरडून सांगितलं. माझी गरजच लागली नाही.