गळकं इरलं

विठाबाईनं तिसऱ्यांदा इरल्याची कड उसवली तेव्हा चिमा चुलीपाशी बसून खोकत होती.

कड उसवायची म्हणजे वाखाच्या दोरीच्या गाठी सोडायच्या, वरची बांबूच्या कामट्यांची जाळी उचलायची आणि खालच्या जाळीवर रचलेली पळसाची पानं पुन्हा एकेक करून काढायची. दोन जाळ्यांमधे पानं दाबून बसवली, कडेनं बांधली की झालं इरलं. डोक्यावरून पाठीवर घ्यायचं, कमरेत वाकायचं, दोन्ही हात चिखलात मोकळे. लोणावळ्याजवळच्या भुशीत पाऊस सरळ पडत नाही, चारी बाजूंनी मारतो. त्यात दिवसभर भाताची लावणी करणाऱ्या बाईला तेवढंच एक छप्पर.

"आक्का, झालंतं की वो ते," चिमा म्हणाली.

"कुटं झालंतं? ही पानांची वळ बघ. डावीकडं खाली गेलीया."

"मला तर न्हाई दिसत."

"तुला दिसत न्हाई म्हनून तर मी बघतीया."

चिमा पदरात खोकली. ती विठाबाईची धाकटी जाऊ. तिला सहावा महिना चालू होता आणि गेले दोन दिवस ती गोणपाटाची खोळ डोक्यावर घेऊन चिखलात उभी राहिली होती. गोणपाट थोडा वेळ धीर धरतं, मग पाणी पिऊन असं फुगतं की पाठीवर गार दगड बांधल्यासारखं वाटतं. काल संध्याकाळी तिचं अंग तापलं होतं. आज अजून सांज व्हायची होती आणि डोळे लाल झालेच होते. उद्या पुन्हा लावणी. इरलं आज झालं नाही तर पुन्हा गोणपाट.

घरात लावणीला जाणाऱ्या बायका दोन आणि इरलं एक नाही, ही वेळ काही देवानं आणली नव्हती. जुनं इरलं वाळवीनं खाल्लं, तिथवर ठीक. नवं मात्र लोणावळ्याच्या एका बंगल्यात भिंतीवर होतं.

त्याचं असं झालं. वैशाखात विठाबाई करवंदांची पाटी घेऊन बंगल्यांच्या बाजूला गेली होती. वळवाचं आभाळ होतं म्हणून डोक्यावर नवं इरलं. सर आली, ती एका बंगल्याच्या पडवीत उभी राहिली, आणि मुंबईची शेठाणी बाहेर आली. तिनं करवंदांकडं बघितलंच नाही. इरल्यावरनं बोट फिरवत म्हणाली, "किती सारखं आहे गं हे. एकसुद्धा पान इकडचं तिकडे नाही. तू केलंस?" मग ते तिनं विकत घेतलं आणि दिवाणखान्यात हरणाच्या शिंगांशेजारी खिळ्याला लावलं. विठाबाईचे पाय चिखलाचे, म्हणून तिला ते उंबऱ्याबाहेरून बघायला मिळालं. पावसात घालायची वस्तू कोरड्या भिंतीवर लावून शेठाणी चार पावलं मागं सरून बघत राहिली. त्या बाईनं आयुष्यात पाठ भिजवून भाताची एक काडी लावली नसेल. पण बोलली गोड, आणि विठाबाई तिथंच विरघळली.

कारण तिच्याशी गोड बोलायचं कोण? लग्नाला इतकी वर्षं होऊन कूस उजवली नव्हती. सासू बयाबाई तिला चारचौघींत 'आमची वांझ' म्हणायची, आणि नवरा नथू तिथंच बिडी ओढत बसलेला असायचा. इरली विणायचं काम खरं बाप्यांचं. विठाबाईच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्यानं तिला शिकवलेलं. तिच्या हातातली ती कला इतकी वर्षं कोणाच्या खिजगणतीत नव्हती. बंगल्याची गोष्ट गावात पसरली आणि बयाबाई पाणवठ्यावर सांगायला लागली, "आमच्या इठीचं इरलं शेठाच्या बंगल्यात हाय." वांझ गेलं, आमची इठी आली. एवढ्यासाठी बाई काय वाटेल ते करते. त्या दिवसापासून विठाबाईच्या हातनं एक इरलं पुरं झालं नव्हतं. प्रत्येकात तिला ते भिंतीवरचं दिसायचं आणि हातातलं त्याच्यापुढं भिकार वाटायचं.

नथू आणि गेणू, दोघे भाऊ, रेल्वेच्या गँगला कामाला. पावसाळाभर घाटात रुळांवर दरड येते का बघत फिरायचे, आठवड्यातनं एकदा घरी. चिमाचा नवरा गेणू मागच्या खेपेला म्हणाला होता, "बाजारातनं आनतो की एक." बयाबाईनं त्याला उभाच कापला. "बंगल्यात इरलं देनारं घर, आनि बाजारचं घ्यायचं व्हय रं? लोक त्वांडात शान घालतील." तो तसाच कामावर निघून गेला. आई बोलली की दोघेही मान खाली घालायचे.

बयाबाई आता ओसरीतनं आत आली. पानांच्या टोपल्याकडं बघितलं. "आजून उसवतीयास?"

"सकाळपातुर करते, आत्याबाई."

"कर. पन नीट कर. उद्या रखमाजीच्या खाचरात समदा गाव असनार. लोक बगत्याल."

"आत्याबाई," चिमा हळूच म्हणाली, "उद्या मी न्हाई गेले तर?"

"न्हाई गेलीस तर रखमाजीच्या घरनं आपल्या खाचरात कोन यील? तुजा बा?"

हे मात्र खरं होतं. सावडीचं काम असतं ते. आज तुमच्या खाचरात आम्ही दोघी, परवा आमच्या खाचरात तुम्ही दोघी. एक हात कमी गेला तर एक हात कमी येतो, आणि रोप पिवळं पडायला थांबत नाही. पण चिमाच्या कपाळाला एकदा हात लावून बघायला बयाबाईचं काय गेलं असतं? हात तर रिकामेच होते.

विठाबाई पुन्हा पानं रचायला बसली. खालच्या कडेपासून वर, प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर चढलेली, म्हणजे पाणी घसरत जातं. बापानं एवढंच शिकवलं होतं. शिरा सगळ्या एका दिशेला, ओळ सुतासारखी, हे बापानं कधी सांगितलं नव्हतं. ते शेठाणीच्या बोटानं शिकवलं होतं. पानं वैशाखात तोडून दगडाखाली दाबून वाळवलेली. एकदा बसवली की बसली. काढायला गेलं की शिरेपाशी चिरतात. तीनदा काढून टोपल्यात चांगल्या पानांपेक्षा चुरा जास्त झाला होता. तिला ते दिसत होतं. तरी ती ओळ बघत होती.

सकाळी उजाडताना इरलं जवळजवळ झालं. फक्त शेंड्याची गाठ राहिली होती. चिमा लुगडं खोचून दाराशी उभी होती, चेहरा सुजलेला, हात पोटावर. बाहेर पाऊस दगडावर दगड घासावा तसा वाजत होता.

"द्या आक्का."

विठाबाईनं इरलं उजेडाकडं धरलं. शेंड्यापाशी एक पान तिरकं होतं. बोटभर तिरकं. तिरकं असल्यानं काही बिघडणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. पण ते पान नेमकं मधोमध होतं, आणि समदा गाव असणार होता.

"थांब. एवढं एकच."

"आक्का, नगा."

"एकच पान, चिमे." आणि तिनं जाळी उचलली.

पान निघालं, पण एकटं निघालं नाही. शेजारचं चिरलं. त्याखालचं चिरलं. तिनं घाईनं दुसरं सरकवायला बोट घातलं आणि दोन ओळी खालपर्यंत फाटत गेल्या. मांडीवर चुरा पडला. तिनं टोपल्यात हात घातला. तिथंही चुराच होता.

चिमा बघत राहिली. मग तिनं खुंटीवरचं गोणपाट घेतलं. कालचं होतं, अजून ओलंच. डोक्यावर घेताना म्हणाली, "तुमी भिंतीसाठी इरलं करता, आक्का. मला पाठीसाठी पायजे हुतं."

ती गेली. तिचा खोकला बांधावरनं लांब जात ऐकू येत होता, मग पावसानं तोही खाल्ला.

विठाबाईनं इरलं उचललं आणि चुलीकडं भिरकावलं. ते चुलीत पडलं नाही, अलीकडं पडलं. तेही धड जमलं नाही. ती उठली, पुन्हा उचलायला गेली, जाळायलाच गेली, आणि तिचा हात जाळीच्या मोकळ्या भागातनं आरपार गेला. केवढं भगदाड होतं. डोकं आणि डावा खांदा, तेवढंच. बाकीचं धड होतं. चिमाच्या पाठीला पुरेल एवढं काल दुपारीच झालं होतं. परवाच झालं होतं.

ती तशीच पावसात मागच्या बाजूला गेली. कुंपणाला सागाची रोपटी होती. त्यांची कोवळी, ओली, तळहातापेक्षा मोठी पानं तिनं ओरबाडली. ओलं पान इरल्यात घालायचं नाही, ते सडतं, हे तिला पोरवयापासून माहीत होतं. सडेल तेव्हा सडेल. आठ दिवसांनी सडेल. चिमाला ते आत्ता पाहिजे होतं.

घरात येऊन तिनं पानं कोंबली. शिरा कुठंही, टोकं कुठंही. वर चढलेली ओळ फक्त सांभाळली, बापाची. वाख संपला तर केसांना बांधलेली लोकर सोडून तिनं गाठ मारली. एक कामटी मोडली, तशीच आत दाबली. हात भराभरा चालले होते. किती दिवसांनी असे चालले होते. डोळे मात्र तिनं हातांवर ठेवले, पुऱ्या इरल्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर उसवलं असतं.

बयाबाई दारात आडवी आली. "हे काय? हे घिऊन जानार हायस तू? रखमाजीच्या खाचरात?"

"व्हय."

"कावळ्याचं घरटं दिसतंय ते. माजी अब्रू घालवशील."

"सरका, आत्याबाई."

"इठे, तुला बंगल्यानं मान दिला..."

"बंगल्यानं पैसं दिलं आनि इरलं नेलं. सरका."

बयाबाई सरकली नाही. विठाबाईनं इरलं आडवं केलं आणि तिच्या अंगाशेजारनं बाहेर काढलं. म्हातारीच्या गालाला कामटी घासली. ती काहीतरी ओरडत होती. विठाबाई पळत होती.

खाचरात बायका वाकलेल्या होत्या, इरल्यांची ओळच्या ओळ. त्यात एकच गोणपाट, काळं पडलेलं. विठाबाईनं ते ओढून स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि चिमाच्या पाठीवर इरलं ठेवलं. चिमानं मान वर केली नाही. दात वाजत होते तिचे.

रखमाजीची बायको शालूबाई तोंडाची फाटकी. ती सरळ उभी राहून बघायला लागली. "आगं बया. हेच का ते बंगल्यातलं?"

दोन-चार जणी हसल्या. विठाबाईचे कान तापले. तिनं चिखलात हात घातला, रोपांची मूठ सोडली आणि लावायला लागली. हसू दे. पाठ कोरडी राहतेय का, तेवढं बघायचं होतं.

पाऊस वाढला. पलीकडचा बांध दिसेना. थोड्या वेळानं शालूबाईचं हसणं मधेच तुटलं. "चिमे," ती वेगळ्याच आवाजात म्हणाली, "हलू नगंस. इठे, बग. बग ही."

चिमाच्या लुगड्यावर, कमरेखाली, लाल ओघळ उतरला होता. पोटरीपर्यंत. चिखलाच्या पाण्यात तांबडं मिसळत होतं.

विठाबाईच्या मनात एकच आलं. उशीर झाला. मी केला. एका पानासाठी. चिमानं वाकून स्वतःचे पाय बघितले आणि तिच्या तोंडातनं बारीक, लहान पोरीसारखा आवाज निघाला. बायकांनी हातातली रोपं टाकली. कोणी म्हणालं बांधावर घ्या, कोणी म्हणालं सुईणीला बोलवा.

विठाबाई चिखलात गुडघ्यावर बसली. ओघळाला हात लावला, वर चाचपत गेली. लुगडं मागून ओलं, लाल. आणखी वर, कमरेला, इरल्याच्या कडेपर्यंत. लाल तिथनंच ठिबकत होतं. तिनं बोटं नाकाशी नेली. हिरवट, तुरट वास. स्वतःचे तळहात उलटे केले; चिखलाखाली तेही लाल. घरातनं पळताना ते तसेच लाल होते आणि तिला दिसलेही नव्हते. कोवळा साग चुरला की लाल रंग सोडतो. पोरी त्यानं ओठ रंगवतात.

"साग हाय," ती म्हणाली. "सागाचा पाला हाय, चिमे. कच्चा घातला मी. तुजं न्हाई काय. इरल्याचं हाय."

चिमाला कळायला वेळ लागला. मग तिनं विठाबाईचा खांदा धरला, नखं रुतेपर्यंत. विठाबाईनं इरल्याखाली हात घालून तिची पाठ चाचपली. डावा खांदा भिजला होता. बाकी पाठ कोरडी होती. गरम होती, तापलेली होती, पण कोरडी.

"रखमाजीच्या घरचं एक मानूस आमच्यात कमी आलं तरी चालंल," विठाबाई शालूबाईला म्हणाली. "ही बांधावर बसून रोपांच्या मुठी फेकंल. हिची ओळ मी लावते."

"तुजी सासू?"

"तिला मी सांगते."

शालूबाई तोंडात काहीतरी पुटपुटली. पण चिमाला हाताला धरून बांधावर तिनंच नेलं.

चिमा दगडावर बसली, इरलं अंगाभोवती ओढून. लाल पाणी अजून कडेनं गळत होतं. ती थरथरत होती, आणि एकदम तिला हसू आलं. खोकत खोकत हसली. "आक्का, खांद्यावर गळतंय."

"उजवीकडं कल जरा."

"आनि डोक्यावर बी."

"मग डोक्यावर हात ठेव."

"घरी गेल्यावर उसवून नीट करा की वो."

विठाबाई दोन ओळींच्या मधे वाकली होती. गोणपाटातनं पाणी तिच्या मानेवरनं छातीत उतरत होतं. "न्हाई उसवायची. गळतंय तितं वरनं दोन पानं खोचते," ती म्हणाली. "फेक मूठ."

चिमानं मूठ फेकली. ती वाकडीतिकडी, लांबच पडली. विठाबाई तिथपर्यंत गेली आणि जिथं पडली तिथनं लावायला लागली.