श्वासाची जागा

"दादा, पहिलं गाणं पूर्ण मीच ओढून नेतो," बँडच्या ठेल्यावरून खाली वाकून इश्वर हळूच म्हणाला. "तुमी नुसती बोटं चालवा."

डोमाने मान हलवली. कोंढ्याच्या वेशीपाशी वरात थांबली होती. नवरदेव घोडीवर चढायला घाबरत होता आणि त्याचे मामा त्याला मागून ढकलत होते. मे महिन्यातलं दुपारचं ऊन, त्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला लाल कोट. बँडवाल्यालाही घाम येतो, हे वऱ्हाडी मंडळींच्या गावीही नसतं. डोमाने सॅक्सोफोनचा पट्टा मानेत अडकवला, पितळी बाजा पोटाशी घेतला आणि सगळ्यांच्या पुढे जाऊन उभा राहिला. बँडमधली त्याची जागा तीच होती. बाजा बँडमालक भय्याजींचा, श्वास डोमाचा, अशी ती वाटणी होती.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी इश्वर या बँडमध्ये आला. त्याआधी तो भजनी मंडळात पेटी वाजवायचा. भय्याजींनी नवा कॅसिओ, म्हणजे विजेवरची पेटी, विकत घेतला आणि तो वाजवायला कुणी मिळेना, म्हणून ह्याला बोलावलं. पहिल्याच लग्नात त्याने एक गोष्ट हेरली. श्वास घेताना डोमाचा डावा खांदा जरासा वर जायचा. तो वर गेला की सुरात भोक पडायचं. इश्वर त्या भोकात आपले तीन-चार सूर टाकायला लागला. डोमाने मागे वळून पाहिलं आणि पुढच्या वेळी मुद्दाम जरा जास्त वेळ थांबला. इश्वरने तेवढीही जागा भरली. त्या दिवशी दोघांची गट्टी जमली ती जमलीच.

पावसाळ्यात लग्नं नसायची. डोमा तुमसरच्या एका राइस मिलमध्ये पोती उचलायचा आणि सुट्टीच्या दिवशी इश्वर कॅसिओ घेऊन वरठीला त्याच्या अंगणात यायचा. लग्नातलंच एखादं घासून गुळगुळीत झालेलं गाणं घ्यायचं, त्याची वाट सोडून दोघांनी भटकायला निघायचं आणि बऱ्याच वेळाने पुन्हा त्याच जागी येऊन भेटायचं, असा तो खेळ होता. त्याची बायको सुमनबाई म्हणायची, "गाणं सुरू झालं तवा भात टाकला होता, आता करपून राहिला. तुमचं गाणं घरी येते का नाई?" एकदा रस्त्याने जाणारे कारखान्यातले एक साहेब कुंपणापाशी थांबले. बराच वेळ ऐकून म्हणाले, "ये तो जॅझ है भाई."

ते गेल्यावर इश्वरने विचारलं, "काय म्हणाले, दादा?"

"नावं ठेवली असतीन काईतरी."

नावं ठेवण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे पुढे कुणीतरी सांगितलं. तिकडे परदेशात लोक खुर्च्यांवर बसून असलं वाजवणं ऐकतात म्हणे. डोमाला ते खरं वाटलं नाही. लोक नाचायचं सोडून ऐकत बसतील, ही कल्पनाच त्याला पटेना.

मिलमधला धानाचा भुसा मात्र वर्षानुवर्षं त्याच्या छातीत जाऊन बसत होता. आधी नुसता खोकला होता, मग जिना चढताना धाप लागायला लागली. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला आणि फुंकायचं काम बंद करायला सांगितलं. डोमाने घरी येऊन सुमनबाईला सांगितलं की काही नाही, गरमी आहे. इश्वरला त्याने काहीच सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. खांदा आता सारखाच वर जात होता, भोकं मोठी होत होती, आणि इश्वर ती भरत होता. मग एका लग्नात इश्वरने कॅसिओवर सॅक्सोफोनचा आवाज लावला आणि अर्धी ओळ डोमाच्या ऐवजी वाजवली. कुणाला पत्ता लागला नाही. पुढे पूर्ण ओळ, मग कडवं. डोमा गाल फुगवून बोटं चालवायचा. या विषयावर दोघे कधी बोलले नाहीत. बोलले असते तर ते खोटं झालं असतं.

कोंढ्यातली वरात गल्लीत शिरली. पोरं नाचत होती, भोंग्यांतून सॅक्सोफोन घुमत होता, डोमाची बोटं बरोबर पडत होती. चौकात आल्यावर ठेल्यावरचा जनरेटर दोनदा गचके खाऊन बंद पडला.

ढोल-ताशे वाजत राहिले, पण गाणं गेलं. नाचणारी पोरं थांबली आणि डोमाकडे बघायला लागली. वीज गेली म्हणून तोंडाने वाजवायचा बाजा बंद पडायचं कारण नव्हतं.

"काका, वाजवा ना. थांबले काहून?"

डोमाने ठेल्याकडे पाहिलं. इश्वरचा चेहरा पांढरा पडला होता. भय्याजी जनरेटरची दोरी ओढत होते. मग डोमाने बाजा नीट तोंडात धरला आणि खरोखर फुंकलं.

सूर आला. बारीक होता, कडेला फाटलेला होता, पण तो डोमाचा होता. कितीतरी दिवसांनी तो आपला आवाज ऐकत होता. त्याला एवढा आनंद झाला की छातीतली कळही क्षणभर विसरली. पोरं पुन्हा हलायला लागली. एक ओळ झाली. दुसरीच्या मध्यावर त्याचा खांदा वर गेला आणि तो वर गेला म्हणून इश्वरने सवयीने पट्ट्या दाबल्या. कॅसिओत सेल होते, पण भोंग्यांशिवाय त्याचा आवाज त्या ढोलांत इश्वरच्या स्वतःच्या कानापर्यंतही पोचत नव्हता. तरी तो वाजवत होता. डोमाचा श्वास परत आला नाही. खोकला आला. बाजा तोंडातून सुटून पट्ट्यावर लोंबायला लागला आणि तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला.

तेवढ्यात भय्याजींच्या दोरीला यश आलं. जनरेटर सुरू झाला आणि दोन्ही भोंग्यांतून सॅक्सोफोन दणदणीत वाजायला लागला, पुढची ओळ, गोल आणि भरदार.

"अबे, बुढा खोकलून राहिला अन् बाजा आपोआप वाजून राहिला!"

चौकभर हसू फुटलं. कुणीतरी मोबाइल वर धरला. इश्वरने विस्तवावरून उचलावेत तसे हात उचलले. आवाज तुटला.

"वाजव!" भय्याजी ओरडले. "वरात खोळंबली."

इश्वरने वाजवलं. मांडवापर्यंत डोमा पुढेच चालला, पण त्याने बाजा पुन्हा तोंडाला लावला नाही. हात दोन्ही बाजूंना सोडून तो सरळ चालत राहिला.

जेवणं झाल्यावर मांडवामागे भय्याजींनी त्याला गाठलं. डोमा शिव्या खायच्या तयारीने उभा होता.

"मले का माहीत नव्हतं?" भय्याजी म्हणाले. "दोन सीझन झाले, मी पाहूनच राहिलो. लोकायले पुढं सॅक्सोवाला दिसला पायजे. तू येत जा. नुसता धरून उभा राय. रोजीत फरक नाई पडणार."

भय्याजी वाईट माणूस नव्हते. तेच तर जड होतं.

"नुसता धरून उभं राहाले नाई जमणार, भय्याजी," डोमा म्हणाला. त्याने पट्टा मानेतून काढला, बाजा पुसला आणि ठेल्यावर ठेवला. मग कोटाची बटणं काढायला लागला.

परतताना तो इश्वरच्या मोटारसायकलवर मागे बसला. पवनी मागे पडल्यावर इश्वर म्हणाला, "दादा, मी हात आवरले असते तर…"

"तुनं माही जागा भरली. नेहमी भरते तशी," डोमा म्हणाला. "समोर पाहून चालव."

पुढच्या आठवड्यात इश्वर वरठीला आला, तो कॅसिओ न घेता. हातात पिशवी होती. बँडचे सगळे कोट सुमनबाईच शिवायची, त्यामुळे दुसरीकडे न्यायचा प्रश्नच नव्हता. पिशवीतून त्याने डोमाचा लाल कोट काढला आणि मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, भय्याजींनी धाडला. नवा माणूस ठेवला, जीवन नावाचा. हे त्याचं माप."

सुमनबाईने कोट हातात घेतला नाही. डोमाने घेतला. तो खाटेवर बसला, चष्मा लावला आणि ब्लेडने खांद्याची शिवण उसवायला लागला. धागे तो एक-एक करून ओढून काढत होता.

"वाजवते का बरा?" त्याने विचारलं.

"वाजवत नाई, दादा. धरते फक्त. वाजवतो मीच."

डोमाचे हात थांबले. मग त्याने उसवलेला कोट बायकोकडे सरकवला.

"बाह्या लांब ठेव, सुमन," तो म्हणाला. "पंजा झाकला पायजे. बोटं दिसली की लोकायले समजते."

सुमनबाईने टेप घेतला आणि बाह्या मापल्या.