नमुन्यातलं मरण

ज्या धंद्यात मालक, इंजिनियर, फोन उचलणारा आणि झाडू मारणारा असे चौघेही एकच असतात, तिथे चुकीलाही दुसरा वाटेकरी मिळत नाही. प्रणितचं तसंच होतं. पनवेलच्या एसटी स्टँडसमोर दुसऱ्या मजल्यावर एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि दारावर ‘प्रणित इन्फोटेक’ अशी झोकदार पाटी. पाटी वाचून येणाऱ्याला वाटायचं, आत दहा-बारा माणसं तरी असतील. आत प्रणित एकटाच. कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टवाल्याची वेबसाइट, खारघरच्या सोसायटीच्या नोटिसा, कुणाच्या कॉम्प्युटरमधला व्हायरस, जो जे सांगेल ते काम तो घ्यायचा. ‘जमणार नाही’ एवढं म्हणायला तो अजून शिकला नव्हता.

२०१२ साली त्याला स्वतःच्या गावचं काम मिळालं. गाव उरणकडचं, अगदी समुद्राला लागून. तिथल्या मच्छीमार सोसायटीला सभासदांच्या मोबाइलवर मेसेज पाठवायची सोय हवी होती. वादळाचा इशारा, डिझेल कधी येणार, सभा कधी, आणि कुणी गेलं तर मयत किती वाजता निघणार. परक्याचं काम चुकलं तर तो फार तर दुसरीकडे जातो. गाववाले कुठे जात नाहीत, ते जन्मभर बोलून दाखवतात. म्हणून प्रणित या कामाला जरा जास्तच जपत होता.

प्रत्येक प्रकारच्या मेसेजचा एक नमुना करायचा होता. मयताच्या नमुन्यात कुणाचं तरी नाव हवं. तिथे ‘अबक’ लिहिलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण शाळेपासूनचा दोस्त धर्मराज त्या दिवशी शेजारी बसला होता. महिन्यापूर्वी भर समुद्रात त्याच्या बोटीचं इंजिन बंद पडून तो मरता मरता वाचला होता. तो म्हणाला, “माजाच नाव टाक. मरनाची खोटी बातमी उठली का आयुष्य वाढतं.” ही समजूत त्या दोघांच्या आज्यांपासून चालत आलेली. प्रणितने त्याचं नाव टाकलं, आणि वर वय लिहिलं पंचाहत्तर, म्हणजे निदान तेवढा तरी जगशील. दोघंही पोट धरून हसले. तिशीतल्या माणसांना मरणाची थट्टा करायला काय जातंय.

त्यानंतर चार दिवसांनी, गुरुवारी सकाळी अकराला, प्रणितने नमुने तपासायला घेतले. मेसेज पाठवायला कॉम्प्युटरला एक छोटा मोडेम जोडलेला होता. त्यात सिमकार्ड होतं, आणि यादीतल्या एकेका नंबरला ते दर चार-पाच सेकंदांनी मेसेज सोडायचं. तपासणीच्या यादीत प्रणितचे स्वतःचे दोनच नंबर होते. मयताचा नमुना निवडून त्याने बटण दाबलं आणि तो खाली चहा प्यायला गेला. चहावाल्याशी क्रिकेटवर वाद घालून दहा-बारा मिनिटांनी वर आला, तरी मोडेमचा दिवा लुकलुकतच होता.

दोन मेसेजांना दहा सेकंद पुरतात. प्रणितने स्क्रीनकडे पाहिलं. एकच नंबर दोनदा आला असेल तर तो गाळण्यासाठी त्याने सकाळी सोसायटीच्या सहाशे सभासदांची यादी उघडली होती, आणि ती बदलायची राहून गेली होती. त्याने वायर उपटली. आकडा थांबला एकशे बेचाळीसवर. ‘कळविण्यास दुःख होते की, धर्मराज दयाराम कोळी, वय ७५, यांचे निधन झाले आहे.’ जुन्या हँडसेटवर मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे म्हणून मजकूर इंग्रजी अक्षरांत होता. म्हणजे तो न वाचता येण्याचीही सोय नव्हती.

यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने होती. त्याने ती खाली सरकवत पाहिली. धर्मराजचं नाव एकशे सोळावं. मेसेज गेलेला होता.

आणि त्या नावापुढचा नंबर धर्मराजच्या खिशात नव्हता. धर्मराज बुधवारीच चार दिवसांच्या फेरीला बोट घेऊन गेला होता, आणि समुद्रात रेंज नसते म्हणून जाताना फोन आईकडे ठेवून जायचा. आई म्हणजे गोदूबाई. ती रोज पनवेलच्या मासळी बाजारात टोपली घेऊन बसायची. तिचा नवरा समुद्राने नेला होता. सात वर्षांनी थोरला मुलगाही नेला. आता एकटा धर्मराज उरला होता. गेल्या वर्षी छातीत दुखलं म्हणून तिला दवाखान्यात ठेवलं होतं, तेव्हा रिक्षा करून नेणारा प्रणितच होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला धक्का बसता कामा नये.

त्याने फोन लावला. फोन बिझी लागला. पुन्हा लावला, पुन्हा बिझी. म्हणजे कुणीतरी तिच्याशी बोलत होतं. काय बोलत असेल, या विचारानेच त्याच्या अंगाला घाम फुटला. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सोसायटीत फोन करून चूक कबूल केली असती, एकशे बेचाळीस जणांना दुसरा मेसेज टाकला असता. एवढा कॉम्प्युटरवाला, पण भीतीपुढे कॉम्प्युटर चालत नाही. प्रणित खोली उघडीच टाकून जिना उतरला आणि धावत सुटला.

रिक्षा मिळाली, पण ती टपाल नाक्याच्या गर्दीत अडकली, म्हणून उतरून तो पुन्हा धावू लागला. एक चप्पल कुठेतरी तुटून राहिली. धावताना त्याला गोदूबाई दिसत होती, बर्फाच्या पाण्यात आडवी पडलेली, भोवती बायका गोळा झालेल्या. मी मारलं हिला, असं तो स्वतःशीच पुटपुटत होता. दोन वेळा समुद्राने मारलं, आणि तिसऱ्यांदा मी.

बाजारात शिरला तर गोदूबाई जागेवर बसलेली. समोर बोंबलांचा वाटा, हातात कोयता, आणि एका गिऱ्हाइकाशी हुज्जत रंगात आलेली. ती चक्क हसत होती. प्रणितच्या जिवात जीव आला. हिने वाचलेलंच नाही, हिला कुणी सांगितलंच नाही! आता कशाला सांगायचं, त्याने ठरवलं. काहीतरी निमित्त काढून फोन मागायचा, मेसेज पुसायचा, झालं. निमित्त सुचेपर्यंत तो तिच्यासमोर गप्प उभा राहिला. अनवाणी एक पाय, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, आणि तोंडातून शब्द नाही.

गोदूबाईने मान वर केली. त्याच्याकडे पाहिलं. हातातला कोयता तिने हळूच पाटावर ठेवला, आणि तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

“काकी, जरा फोन…” प्रणित म्हणाला.

“मेसेज वाचला र मी,” गोदूबाई म्हणाली. आवाज अगदी बारीक. “या बाजूच्या हौसाकडना वाचून घेतला. वय पंचात्तर लिवलाय, म्हनून हसलो आमी दोघी. फोन करनाऱ्यांना पन तोच सांगितला. पन तू…” तिने त्याच्या अनवाणी पायाकडे पाहिलं. “धर्माचा बापूस गेला तवा तुजा बापूस असाच येऊन उभा ऱ्हायला व्हता. काय नाय बोलला. असाच उभा.”

प्रणितला ते ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांच्या गावात समुद्रातल्या मरणाची बातमी कुणी तोंडाने देत नाही. माणसं येतात आणि दारात उभी राहतात. लहानपणापासून त्याने ते पाहिलं होतं. मेसेजने जे झालं नव्हतं, ते तो स्वतः धावत येऊन करून बसला होता.

“धर्मा जिवंत आहे, काकी. माझी चूक आहे सगळी,” तो ओरडलाच.

“थोरल्याच्या टायमाला पन हाच बोलले. जित्ता हाय, घरी चल.” तिने दोन्ही हात छातीवर घट्ट धरले. तिचा चेहरा पांढराफटक पडला आणि ती शेजारच्या हौसाच्या अंगावर कलंडली. हौसाने तिच्या तोंडावर पाणी मारलं आणि प्रणितला अशा काही शिव्या दिल्या की त्या इथे लिहिता येणार नाहीत. त्याला त्या कमीच वाटल्या.

तेव्हा कुठे त्याला सोसायटी आठवली. तिथल्या वायरलेसवरून बोटींशी बोलता येतं. चेअरमन दादू त्याच्या फोनची वाटच पाहत होता, कारण मेसेज त्यालाही गेला होता, आणि ऑफिससमोर एव्हाना माणसं जमली होती. शिव्या नंतर द्या, आधी धर्माला बोलवा, असं प्रणितने विनवलं. दादूने मोबाइल वायरलेसपाशी धरला. खरखर सुरू झाली. पाच मिनिटं नुसतीच खरखर. प्रणितने फोन गोदूबाईच्या कानाला लावून ठेवला होता आणि त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटत होती. बोटीने उत्तरच दिलं नाही तर? आपण लिहिलेलं खरंच झालं असेल तर?

मग खरखरीतून एक वैतागलेला आवाज आला. जाळं ओढायच्या वेळी कोण बोंबलतोय, असं तो विचारत होता. कारण कळल्यावर त्याने प्रणितच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तो शब्दन् शब्द गोदूबाईने डोळे मिटून ऐकला.

“जेवलास का र?” तिने विचारलं. पलीकडून काय उत्तर आलं ते प्रणितला ऐकू आलं नाही. तिने फोन खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं. मार बसेल म्हणून प्रणित मान खाली घालून तयारच होता.

गोदूबाईने त्याचं मनगट धरलं आणि त्याला शेजारी, ओल्या फरशीवर बसवलं.

“तुज्या मशिनीतना काय बी लिव,” ती म्हणाली, “पन माज्यासमोर गप उभा ऱ्हाव नको.”