दूध देणारी होडी

बनारसच्या रामघाटाच्या उतारावर ओढून ठेवलेली एक होडी दूध देते, ही बातमी सकाळी सहाला फुटली आणि आठ वाजेपर्यंत घाटावर पाय ठेवायला जागा उरली नाही. लोक लोटे घेऊन आले, वाट्या घेऊन आले, एक गृहस्थ तर चक्क पाच लिटरचा कुकर घेऊन आले. होडीच्या पोटाखाली इंजिनाचा एक धातूचा पाय लोंबत होता. इंजिन वर, पाण्यात फिरणारा पंखा खाली, आणि दोघांना जोडणारे गिअर या पायाच्या आत तेलात बुडालेले. एरवी त्याच्याकडे कुत्रंही बघत नसे. आता त्याला झेंडूच्या माळा होत्या, पंख्याच्या तिन्ही पात्यांना कुंकू होतं, आणि समोर आसन टाकून क्षीरानंद बाबा बसले होते.

"बोलो दूधवाली मैया की!"

"जय!"

विधी ठरलेला. बाबा पायाच्या वरच्या भोकातून लोटाभर गंगाजल ओतत. मग भक्तांनी पंखा हाताने एकशे आठ वेळा फिरवायचा. याला मंथन म्हणायचं. मंथन झालं की बाबा खाली वाकत, हातातला चिमटा पायाच्या तळाला टेकवत, डोळे मिटून पुटपुटत, आणि तळातून पांढरी धार वाटीत पडे. पुटपुटणं थांबलं की धार बंद.

"देखो, मैया हमारे कहने में है!" बाबा म्हणत, आणि शंभर मोबाइल एकदम वर होत.

होडी आमच्या शेजारच्या यज्ञेश्वरची. हा महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करतो आणि त्यांना गंगेवर फिरवतो. हौसेने त्याने कोलकात्याहून जुनी शिडाची होडी आणली. बनारसचा वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही, म्हणून खरी भिस्त इंजिनावरच. बातमी फुटण्याच्या आदल्या दिवशी रंग द्यायला होडी वर काढली, तेव्हा मिस्त्रीने तेल बदलायला तळाचा स्क्रू काढला. काळपट तेलाऐवजी पांढरं काहीतरी आलं. "ई का हो!" म्हणत मिस्त्री मागे सरकला, आणि शेजारच्या पायरीवर कंगवे विकत बसलेला माणूस ओरडला, "दूध!" संध्याकाळपर्यंत त्याचे क्षीरानंद झाले होते.

मी शरद. पस्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मी काय केलं? तीन दिवस गर्दीत उभा राहून त्या वाटीचा वास घेतला, मान हलवली आणि घरी येऊन चहा प्यायलो. शेजाऱ्याशी वाकडं कशाला घ्या! असले सुशिक्षित लोक बुवांना फार सोयीचे असतात.

चौथ्या दिवशी यज्ञेश्वरची बायको पद्मा आनंदाने धावत आमच्याकडे आली. तिची आठ वर्षांची रुची दम्याने हैराण.

"काका, बाबांनी रुचीला निवडलंय! सोमवारपासून रोज एक वाटी, अकरा दिवस. दमा जड से जाणार म्हणाले. फक्त तिचा इन्हेलर आधी गंगेत सोडायचा."

मी कप खाली ठेवला. नेमकी त्याच दुपारी माझी बायको प्रभावती नागपूरहून परत आली होती. रेल्वेच्या इंजिन कारखान्यात तिने तीस वर्षं गिअर जोडले आणि उघडले. बॅग न उघडता ती पद्मासमोर बसली.

"पद्मा, सकाळी पहिल्यांदा काय येतं गं? दूध की पाणी?"

"आधी पाणी, काकू. मग दूध. बाबा म्हणतात, आधी गंगा, मग गोमाता."

"रात्रभर उभं राहिलं की पाणी खाली बसतं, तेल वर राहतं. बरं, वर काढण्याआधी होडीने विशेष काही केलं होतं का?"

"काही नाही. आर-पारची माळ चढवली, बस्. होडी चालली तर चढवीन म्हणून ह्यांचा नवस होता."

आर-पारची माळ म्हणजे गंगेच्या या काठापासून त्या काठापर्यंत एकच अखंड फुलांची माळ. होडीतून सोडत सोडत पलीकडे न्यायची.

"दोरा कुठला होता?"

"नायलॉनचा. सुती दोरा मध्येच तुटतो ना, आणि माळ तुटली म्हणजे अपशकुन. म्हणून ह्यांनी मुद्दाम मजबूत आणला."

प्रभा एकदम हसायला लागली. मग हसणं थांबवून, माझ्याकडे बोट करून म्हणाली, "यांना काही कळत नाही, पण तू ऐक. ते दूध नाही. गिअरचं तेल आहे. रुचीला पाजू नकोस."

पद्माचा चेहरा उतरला. "एवढे लोक खोटे का, काकू? ह्यांनी सगळ्यांसमोर शब्द दिलाय." आणि ती निघून गेली.

सोमवारी आम्ही घाटावर पोचलो तेव्हा रुची बाबांच्या पुढ्यात बसली होती. एका हातात अजून गंगेत न सोडलेला इन्हेलर घट्ट धरलेला, नाक चिमटीत दाबलेलं. वाटी पद्माच्या हातात होती. प्रभाच्या एका हातात सायकलचा पंप, दुसऱ्या हातात साबणाच्या फेसाची बादली.

"पद्मा, थांब. आधी बाबांना एक घोट घेऊ दे. प्रसादच तो."

पद्मा थबकली. वाटीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि हळूच म्हणाली, "बाबा, पहले आप लीजिए."

"हमारा आज निर्जला व्रत है, बेटी."

"फिर कल लीजिए," पद्मा म्हणाली.

"कल भी व्रत है."

"और परसों?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"परसों हमारा पेट खराब रहेगा!" बाबा घाईने म्हणाले, आणि कुकरवाले गृहस्थ फिसकन हसले.

पद्माने वाटी पायरीवर ठेवली. प्रभाला तेवढंच हवं होतं. तिने घाटावरच्या लस्सीवाल्या विष्णूकडून मोठं भांडं आणि घुसळायची रवी मागून घेतली. तो बिचारा "भाभी, मथनी का सत्यानाश हो जाएगा!" म्हणत राहिला. तिने भांड्यात गिअर तेलाचा नवा डबा उघडून ओतला. मधासारखं सोनेरी तेल. त्यात लोटाभर गंगाजल घातलं आणि विष्णूलाच म्हणाली, "चला, एकशे आठ."

चाळिसाव्या फेऱ्याला भांड्यात घट्ट पांढरं दूध झालं.

"अरे बाप रे," विष्णू म्हणाला, "ये तो हमारी वाली से ज्यादा गाढ़ी है!"

"मैया आपके भांडे में भी आ गई," प्रभा म्हणाली. "अब बाबा का चिमटा दीजिए."

बाबा चिमटा सोडेनात. शेवटी शेजारी उभ्या यज्ञेश्वरनेच तो ओढून घेतला. चिमट्याचं एक टोक ठोकून चपटं केलेलं होतं. प्रभाने ते तळाच्या स्क्रूच्या खाचेत बसवलं. डावीकडे फिरवलं, धार सुरू. उजवीकडे फिरवलं, धार बंद. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि दर वेळी ती मोठ्याने "ह्रीं, क्लीं, फट्" म्हणत होती. लोक पोट धरून हसले. यज्ञेश्वर मात्र हसला नाही.

"पण काकू, पहिल्या दिवशी तर बाबांनी पाणी ओतलं नव्हतं. तेव्हा पांढरं कसं आलं?"

"शाबास! हा खरा प्रश्न."

तिने पायातलं सगळा द्रव काढून टाकला, तळाचा स्क्रू घट्ट केला, वरच्या भोकात नळी बसवून सायकलच्या पंपाने हवा भरली आणि सगळ्या पायाला साबणाचा फेस फासला. "जिथून हवा बाहेर येईल, तिथूनच पाणी आत गेलं."

आम्ही सगळे वाकून बघत होतो. रुचीला सगळ्यांत आधी दिसलं. "काकू, इथे! फुगे!" पंख्याच्या मागे, दांडा जिथून बाहेर येतो तिथे, भराभर बुडबुडे फुगत होते.

पंखा काढला. आत दांड्याभोवती पिवळा नायलॉनचा दोरा करकचून गुंडाळलेला होता, आणि त्यात झेंडूचे दोन चिरडलेले देठ अडकले होते. दोऱ्याने पाणी अडवणाऱ्या रबरी सीलची कड कापून टाकली होती. त्या चिरेतून पाणी आत गेलं, गिअरांनी ते तेलात घुसळलं, आणि काळपट तेलाचं दूध झालं.

यज्ञेश्वरने तो दोरा हातात घेऊन त्यातले देठ सोडवले. "म्हणजे माझ्याच नवसाने माझी होडी..."

"नवसाने नाही रे. नायलॉनने."

एव्हाना बाबांचं आसन रिकामं झालं होतं. पुढे तो मणिकर्णिका घाटाच्या बाजूला पुन्हा कंगवे विकताना दिसला, म्हणजे निदान प्रामाणिक धंद्याला लागला.

दोन दिवसांत काम झालं. दांड्यावरचा ओरखडा बारीक पॉलिश पेपरने घासला, नवं सील बसवलं, पुन्हा हवा भरून फेस लावला. एकही फुगा आला नाही. मग आत हवा अडकू नये म्हणून तेल तळाच्या भोकातून वर चढवत भरलं. पंधरा दिवस होडी चालवून पुन्हा थेंबभर काढून पाहिलं, तर सोनेरी. पुढची माळ सुती दोऱ्यात ओवायची, असं यज्ञेश्वरने जाहीर केलं.

"आणि तुटली तर?" एका म्हाताऱ्या भटजींनी विचारलं.

"तुटली तर गाठ मारू, काका."

पद्मा त्या सोमवारी संध्याकाळी आमच्याकडे आली. बसली आणि रडली. "काकू, मला पहिल्या दिवसापासून त्याचा वास येत होता. रिक्षाच्या तेलासारखा. पण एवढ्या लोकांत विचारू कसं, म्हणून गप्प बसले. माझ्या लाजेपायी मी माझ्याच पोरीला तेल पाजलं असतं."

मी मान खाली घातली, कारण माझीही गोष्ट तीच होती. फक्त माझ्याकडे वर एक पदवी होती.

तेव्हा ज्यांना हे वाचून हसू आलं त्यांनी जरूर हसावं. पण उद्या तुमच्या गल्लीत एखादी भिंत तूप देईल, एखादा नळ अमृत देईल. तेव्हा हात जोडण्याआधी साधं विचारा, हे आलं कुठून? चारचौघांत विचारा, मोठ्याने विचारा. आणि नीट उत्तर मिळेपर्यंत लेकराच्या तोंडाशी नेलेली वाटी खाली ठेवा.